नाण्याचा सिग्नल मिळतो, पण खणल्यावर नाहीसा होतो: कारणे आणि उपाय

मेटल डिटेक्टर घेऊन जुनी नाणी शोधण्याचा छंद ज्याला नुकताच जडला आहे, त्याची पहिल्या काही महिन्यांतील मुख्य तक्रार नाणी मिळत नाहीत ही नसते. यंत्र नाणे आहे असे ठासून सांगते, पडद्यावरचा आकडा चांदीच्या घरातला असतो, हेडफोनमधला आवाज खणखणीत असतो, आणि वीतभर खणून झाले की तोच सिग्नल नाहीसा होतो, ही खरी तक्रार असते. खड्डा रिकामा, बाजूच्या ढिगातही काही नाही, आणि कॉइल, म्हणजे यंत्राच्या टोकाची तबकडी, पुन्हा फिरवावी तर यंत्र मुके. एका दिवसात असे पाच-सहा वेळा घडले की माणूस यंत्राला दोष देऊ लागतो आणि अधिक शक्तिशाली यंत्राची माहिती वाचत बसतो. मीही तेच केले होते. हाताशी असलेल्या यंत्राला मी मोठी कॉइल जोडली, सेन्सिटिव्हिटी, म्हणजे यंत्राची संवेदनक्षमता, शेवटच्या टोकाला नेली, आणि रिकाम्या खड्ड्यांची संख्या कमी होण्याऐवजी वाढली. मोठ्या कॉइलखाली एकाच वेळी अधिक जमीन येते आणि त्याबरोबर अधिक खिळेही येतात, हे समजायला मला बराच काळ लागला.

यंत्र बिघडले आहे ही शंका या बाबतीत अगदी शेवटी घ्यावी. माझ्या अनुभवात रिकाम्या खड्ड्यांमागे बहुतेक वेळा गंजलेले लोखंड असते, त्याखालोखाल खणण्याची जागा चुकलेली असते, आणि विजेचा गोंगाट, सैल केबल किंवा जमिनीचे गुणधर्म ही कारणे त्यानंतर येतात. निदानही याच क्रमाने करावे.

पडद्यावरच्या आकड्याचा अर्थ

नाणी शोधण्यासाठी वापरली जाणारी बहुतेक यंत्रे सुमारे ३ ते १०० किलोहर्ट्झ या पट्ट्यातील एक किंवा अनेक वारंवारितांवर चालतात. कॉइलमधील एक वेटोळे सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडते, त्यामुळे धातूच्या वस्तूत भोवरा प्रवाह, म्हणजे गोल गोल फिरणारे विद्युतप्रवाह, निर्माण होतात, आणि या प्रवाहांचे स्वतःचे क्षुल्लक क्षेत्र दुसरे वेटोळे टिपते. परत आलेली लहर सोडलेल्या लहरीच्या तुलनेत किती मागे पडली आहे, यावरून यंत्र वस्तूचा अंदाज बांधते आणि तो आकड्याच्या रूपात दाखवते. धातूचा प्रकार, वस्तूची जाडी, आकारमान, तिचा जमिनीतील कल आणि भोवतालची माती या सर्वांचा तो एकत्रित परिणाम असतो. म्हणूनच सोन्याची अंगठी आणि पेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी पडद्यावर एकसारखी दिसू शकते. आकडा वाचून धातू ओळखला असे समजणे म्हणजे सावली पाहून माणसाचे नाव सांगण्यासारखे आहे.

खोलीचेही गणित याच्याशी निगडित आहे. सोडलेले क्षेत्र अंतराबरोबर वेगाने क्षीण होते आणि वस्तूकडून परत येणारे क्षेत्रही तितक्याच वेगाने क्षीण होते. त्यामुळे कॉइलच्या आकाराच्या मानाने वस्तू पुरेशी दूर असेल, तर अंतर दुप्पट होताच परत येणारा सिग्नल जवळजवळ चौसष्टाव्या भागावर येतो. साधारण २८ सेंटीमीटर व्यासाच्या कॉइलने नाण्याएवढी वस्तू २० ते २५ सेंटीमीटरपर्यंत सापडली तर ती चांगली कामगिरी मानावी. त्याखालून येणारा ठाम, मोठा आवाज नाण्याचा असण्यापेक्षा एखाद्या मोठ्या वस्तूचा असण्याची शक्यता जास्त.

या तंत्राचा सर्वांत प्रसिद्ध फसवा सिग्नल १८८१ सालचा आहे. अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्या शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी स्वतः तयार केलेले यंत्र वापरले, पण गोळी सापडली नाही. अध्यक्षांच्या गादीत पोलादी तारा होत्या आणि त्यांचा परिणाम यंत्रावर होत होता, हे नंतर लक्षात आले. शिवाय गोळी उजव्या बाजूला आहे अशी प्रमुख डॉक्टरांची खात्री असल्यामुळे शोध त्याच बाजूला घेतला गेला. शवविच्छेदनात ती डाव्या बाजूला निघाली. भोवतालचे लोखंड आणि आधीच ठरवलेली जागा, या दोन्ही चुका आजही प्रत्येक रिकाम्या खड्ड्यात भेटतात.

लोखंड नाण्याचा आवाज का काढते

लोखंड एकाच वेळी चुंबकीय असते आणि विद्युतवाहकही. बारीक, सरळ खिळ्यात चुंबकीय परिणाम वरचढ ठरतो आणि यंत्र त्याला बिनचूक लोखंड म्हणते. परंतु वस्तू चपटी, कडीसारखी गोल किंवा मोठी असेल, तर तिच्यात भोवरा प्रवाह इतके सहज फिरतात की यंत्राचा हिशेब उलटतो आणि आकडा थेट चांदीच्या बाजूला जाऊन बसतो. वॉशर, बाटलीची पत्र्याची झाकणे, बिजागऱ्या, घोड्याच्या नालेचे तुकडे आणि वाकलेले खिळे यात अग्रेसर असतात. सरळ खिळासुद्धा त्याच्या टोकापाशी असा एक चांगला आवाज काढतो, आणि तो आवाज खिळा जेथे आहे तेथून काही सेंटीमीटर बाजूला ऐकू येतो.

आता सिग्नल नाहीसा होण्याचे कारण पाहावे. बहुतेक जण लोखंडाचा आवाज दाबणारे डिस्क्रिमिनेशन लावून फिरतात. खिळा एका विशिष्ट कोनात पडलेला असताना तो या चाळणीतून निसटतो आणि नाण्यासारखा वाजतो. खुरप्याचा धक्का लागून तो थोडा जरी फिरला, तरी यंत्राला तो लोखंड म्हणून ओळखता येतो आणि चाळणी त्याला गप्प करते. वस्तू खड्ड्यातच असते. फक्त आपण यंत्राला तिच्याविषयी बोलू नको असे सांगितलेले असते. दुसरा भाग गंजाचा आहे. लोखंड वर्षानुवर्षे जमिनीत राहिले की त्याचा गंज भोवतालच्या मातीत मुरतो आणि ती सगळी माती मिळून एका मोठ्या वस्तूसारखी भासते. खणताना हे वेष्टन फुटते आणि सिग्नल एकदम लहान होतो किंवा नाहीसा होतो.

त्यामुळे पहिली चाचणी खणण्याआधीच करावयाची आहे. सिग्नल मिळाला की कॉइल त्यावरून आखूड आणि सारख्या गतीने फिरवावी, मग त्या जागेभोवती काटकोनात चालत जाऊन दुसऱ्या दिशेने तीच फेक करावी. गोल, सपाट पडलेले नाणे दोन्ही दिशांनी जवळजवळ सारखेच वाजते, आकडा एक-दोन अंकांनी हलतो आणि आवाजाचा मध्य जागा सोडत नाही. खिळा असेल तर एका दिशेने सुरेल आणि दुसऱ्या दिशेने तुटक आवाज येतो, आकडा उड्या मारतो, आणि मुख्य म्हणजे आवाजाचा मध्य बाजूला सरकतो. मध्य सरकणे ही मी सर्वांत विश्वासाची खूण मानतो. आकड्यापेक्षा कितीतरी अधिक. त्यानंतर डिस्क्रिमिनेशन पूर्ण काढून सर्व धातूंच्या मोडमध्ये पुन्हा एकदा ऐकावे. चांगल्या आवाजाच्या कडेने लोखंडाची जाड घरघर ऐकू आली, तर पुढे काय निघणार याची कल्पना येते.

याचा अर्थ असा प्रत्येक संशयित सिग्नल सोडून द्यावा असे मात्र नाही. खिळ्याच्या शेजारी नाणे असू शकते, आणि जुन्या वस्तीच्या जागी ते बऱ्याचदा तसेच असते. अशा वेळी नाण्याचा आवाज एका दिशेने स्पष्ट येतो आणि दुसऱ्या दिशेने खिळा त्यावर पांघरूण घालतो. नाणे उभे, म्हणजे कडेवर पडलेले असले तरी सिग्नल अशक्त आणि कधीकधी दुहेरी येतो. म्हणून माझा नियम साधा आहे: एका दिशेने का होईना, पण प्रत्येक फेकीला त्याच ठिकाणी तोच आवाज येत असेल तर खणावे, दर फेकीला जागा बदलणारा आवाज, त्याचा आकडा कितीही मोहक असला तरी, सोडून द्यावा. लोखंडाने गजबजलेल्या जागेत हा नियम पाळल्याने क्वचित एखादे नाणे राहून जाईल, पण गुडघे आणि जमीन दोन्ही वाचतात.

वस्तू आहे, खड्डा चुकीच्या जागी आहे

सिग्नल सर्व चाचण्यांत उत्तीर्ण झाला आणि तरीही खड्डा रिकामा निघाला, तर वस्तू खड्ड्याच्या भिंतीत, तळाखाली किंवा बाहेर काढलेल्या मातीत आहे असे धरून चालावे. नवख्या हाताची सवय खड्डा रुंद करत नेण्याची असते आणि ती सर्वांत वाईट. प्रथम खुरपे, कुदळ आणि हातातील कडे दूर ठेवावे, यंत्र सर्व धातूंच्या मोडमध्ये घ्यावे आणि आधी ढिगावरून, मग खड्ड्यावरून कॉइल फिरवावी. ढीग थेट जमिनीवर न टाकता जाड कापडावर टाकला असेल, तर कापड उचलून बाजूला नेता येते आणि ढिगाचा व खड्ड्याचा आवाज वेगळा ऐकता येतो. सैल मातीत नाणे अनेकदा कडेवर उभे राहते. त्यामुळे ढीग एकदा पसरून पुन्हा तपासावा.

जागा चुकण्यामागे कॉइलचा प्रकारही असतो. ज्या कॉइलमध्ये दोन वेटोळी एकात एक, समकेंद्री बसवलेली असतात, तिचे क्षेत्र खाली निमुळते होत जाते आणि वस्तू मध्याखाली येताच आवाज सर्वांत मोठा होतो. डबल-डी कॉइलमध्ये दोन वेटोळी मध्यरेषेवर एकमेकांवर चढलेली असतात आणि तिचे क्षेत्र पुढून मागे जाणाऱ्या पट्टीसारखे असते. ही कॉइल डावी-उजवीकडची जागा नेमकी सांगते, पुढची-मागची मात्र तितकी नाही. म्हणूनच काटकोनातील दुसरी फेक येथेही उपयोगी पडते: दोन रेषा जेथे छेदतात तेथे वस्तू. मी डबल-डी वापरताना वस्तूवरून कॉइल सावकाश मागे ओढतो. पुढच्या टोकाखालून आवाज बंद पडला की टोकाच्या लगेच पुढे खुरपे लावतो. जमीन उताराची असेल आणि कॉइल तिरपी धरली गेली असेल, तर ही युक्तीही चुकते.

खोलीच्या निर्देशकावर विसंबून बसलेला फटका मला अजून आठवतो. हा निर्देशक वस्तू नाण्याएवढी आहे असे गृहीत धरून अंतर सांगतो. खोलवर पडलेला मोठा पत्रा त्याला उथळ नाणे वाटतो, आणि आपण खणत जातो तसतशी वस्तू जणू खाली पळत राहते. उलट, अगदी बारीक तुकडा प्रत्यक्षापेक्षा खोल दाखवला जातो आणि आपण त्याला ओलांडून खाली निघून जातो. कॉइल हळूहळू वर उचलून पाहावी: हातभर उंचीवरही आवाज टिकत असेल तर ती वस्तू नाणे नव्हे.

या सगळ्यावर सर्वांत गुणकारी उपकरण म्हणजे पिनपॉइंटर, खड्ड्यात घालून धातूची नेमकी जागा दाखवणारा हातात धरायचा लहान डिटेक्टर. त्याची पोहोच काही सेंटीमीटरच असते, पण नेमके तेच हवे असते. तो प्रथम तळाला, मग चारही भिंतींना लावावा. टोकाजवळ धातू असताना चालू केला तर काही पिनपॉइंटर त्या क्षणी समोर असलेल्या धातूशीच जुळवून घेतात आणि त्याला शून्य मानतात. म्हणून तो खड्ड्याबाहेर, हवेत धरून चालू करावा. खनिजयुक्त मातीला टेकताच तो सतत थरथरत असेल, तर मातीजवळ नेऊन पुन्हा चालू केल्यास तो त्या मातीशी जुळवून घेतो.

जमीन, वीज आणि सैल केबल

लोहखनिज असलेली माती आणि खाऱ्या पाण्याने भिजलेली वाळू स्वतःच सिग्नल देतात. तो वजा करण्यासाठी यंत्र मातीशी जुळवून घेणे म्हणजे ग्राउंड बॅलन्स. तो करताना धातू नसलेली जागा निवडून कॉइल जमिनीपासून वर-खाली करावी आणि आवाज दोन्ही हालचालींत सारखा होईपर्यंत जुळवणी करावी. जमिनीचा रंग किंवा ओल बदलली की ती पुन्हा करावी. जुळवणी बिघडलेली असेल तर रिकामा खड्डासुद्धा वाजतो, कारण कॉइलखालची माती अचानक कमी झालेली असते, आणि मग नसलेल्या नाण्यासाठी माणूस ढोपरभर खाली जातो. काही दगड भोवतालच्या मातीपेक्षा अधिक खनिजयुक्त असतात आणि चक्क धातूसारखे वाजतात. जळालेल्या कोळशाची खंगरेही तसेच फसवतात.

विजेचा गोंगाट ओळखणे सोपे आहे. कॉइल हवेत स्थिर धरावी. तरीही यंत्र किरकिरत असेल, तर दोष जमिनीत नाही. वरून जाणाऱ्या तारा, विद्युत कुंपण, खिशातील मोबाइल किंवा शेजारी त्याच वारंवारितेवर चाललेले दुसरे यंत्र, यांपैकी काहीतरी कारण असते. वारंवारिता बदलण्याची सोय वापरावी, आणि तेवढ्याने भागले नाही तर सेन्सिटिव्हिटी उतरवावी. गोंगाटात बुडालेल्या जास्त शक्तीपेक्षा शांत चालणारी मध्यम शक्ती अधिक खोलवरचे ऐकवते, हे पटायला कठीण असले तरी खरे आहे.

उरले ते किरकोळ दोष. कॉइलची केबल दांड्याभोवती ढिली असेल तर फेकीच्या प्रत्येक टोकाला खोटा आवाज येतो. कॉइलच्या आवरणात अडकलेली माती, पोलादी टोकाचे बूट, उतरत आलेली बॅटरी यांचाही एकदा पडताळा घ्यावा. आवाज फेकीच्या टोकालाच येत असेल आणि मधून जाताना येत नसेल, तर तो जमिनीतून येत नाही.

कोणते साहित्य घेतल्याने फरक पडतो

रिकाम्या खड्ड्यांना कंटाळून नवे यंत्र घेऊ पाहणाऱ्याला माझा सल्ला असा की आधी पिनपॉइंटर घ्यावा, मग साधारण १५ सेंटीमीटरची लहान कॉइल, आणि त्यानंतरही गरज भासली तरच यंत्र बदलावे. लहान कॉइलची खोली कमी असते, परंतु तिच्याखाली एका वेळी एकच वस्तू येण्याची शक्यता वाढते, त्यामुळे खिळ्याशेजारचे नाणे वेगळे ऐकू येते. मोकळ्या, लोखंड कमी असलेल्या शेतजमिनीत मोठी कॉइल योग्य; जुन्या वस्तीच्या किंवा बाजाराच्या जागी ती ओझेच.

यंत्र निवडताना वारंवारितेचा विचार करावा. साधारण ४ ते ८ किलोहर्ट्झची यंत्रे चांदीच्या आणि तांब्याच्या जाड नाण्यांना चांगली दाद देतात, तर १५ किलोहर्ट्झच्या वरची यंत्रे पातळ, लहान आणि कमी वाहक नाणी अधिक चांगली पकडतात, मात्र त्याबरोबर चांदीकागदाचे कपटेही पकडतात. अनेक वारंवारिता एकाच वेळी वापरणारी यंत्रे खाऱ्या, ओल्या वाळूत स्थिर राहतात आणि लोखंडाबाबत तुलनेने कमी फसतात. तुलनेने, एवढेच, वाकलेल्या खिळ्याने न फसणारे यंत्र माझ्या पाहण्यात नाही. पल्स इंडक्शन प्रकारची, म्हणजे क्षेत्र सलग न सोडता झटक्याझटक्याने सोडणारी यंत्रे खनिजयुक्त जमिनीत खोलवर पोहोचतात, पण बहुतेकांना लोखंड वेगळे काढता येत नाही, त्यामुळे ज्याची तक्रारच लोखंडाची आहे त्याने त्या वाटेला जाऊ नये. एका सिग्नलनंतर दुसऱ्यासाठी यंत्र किती लवकर मोकळे होते, हा गुण मात्र आवर्जून पाहावा. जाहिरातीत खोलीचे आकडे मोठ्या अक्षरांत असतात आणि हा गुण कोपऱ्यात.

कोणतेही साहित्य घेतले तरी त्याचा आवाज कानात बसवण्यासाठी सरावाची जागा करावी. स्वतःच्या ताब्यातील, आधीचा धातू काढून स्वच्छ केलेल्या जमिनीत १०, १५ आणि २० सेंटीमीटरवर साधी चालू नाणी पुरावी. एक नाणे उभे ठेवावे, एकाच्या शेजारी चार बोटांवर गंजका खिळा ठेवावा, आणि एका जागी नुसताच वाकलेला खिळा व एक वॉशर पुरावा. या जागेवर दर वेळी बाहेर पडण्याआधी दहा मिनिटे दोन्ही दिशांनी कॉइल फिरवली की खिळ्याचे सोंग ओळखू येऊ लागते. मला सर्वाधिक शिकवले ते त्या वॉशरने.

परवानगी आणि थांबण्याची वेळ

हे सर्व जमीनमालकाच्या परवानगीने आणि त्या त्या देशाचा कायदा पाहूनच करावे. संरक्षित स्थळी यंत्र चालू करणेही अनेक देशांत गुन्हा ठरतो. क्वचित असे होते की सिग्नल नाहीसा होण्याऐवजी खणावे तसा वाढतच जातो आणि एका नाण्यापाठोपाठ दुसरे, तिसरे निघते. तेथे हात थांबवावा. १९९२ साली इंग्लंडमध्ये हॉक्स्न येथे एरिक लॉस हे शेतात हरवलेला हातोडा शोधत असताना त्यांना नाणी आणि चमचे लागले; त्यांनी पुढे खणण्याऐवजी अधिकाऱ्यांना कळवले, त्यामुळे पुरातत्त्वज्ञांना तो ठेवा जसा पेटीत ठेवला होता तसा अभ्यासता आला. त्यात सुमारे १५,००० रोमन नाणी होती. हातोडाही सापडला, आणि तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

मिळालेले नाणे जागेवर बोटाने चोळू नये, कारण कोरड्या मातीच्या कणांनी त्याच्या पृष्ठभागावर ओरखडे पडतात. मऊ वेष्टनात तसेच ठेवावे.

आणि ज्या खड्ड्यात काहीच मिळाले नाही, तो बुजवून, गवताचा तुकडा परत बसवून आणि पायाने दाबून झाल्यावर निघण्याआधी त्यावरून कॉइल आणखी एकदा दोन्ही दिशांनी फिरवावी. तेथे पुन्हा तोच खणखणीत आवाज आला, तर नाणे ढिगात होते आणि आपण ते मातीबरोबर परत पुरले. माझ्या बाबतीत असे तीनदा झाले आहे, आणि तिन्ही वेळा नाणे गवताच्या मुळांत अडकलेल्या ढेकळात होते.